सनद, दाखला आणि मातृभाषेचा रकाना

आपल्या भागातील जुन्या मराठी घराण्यांपैकी बहुतेकांच्या घरी एखादी लोखंडी पेटी असते. तीत इनामाच्या सनदेची जीर्ण नक्कल असते, वाटणीपत्र असते, कुळाची टिपणे असतात आणि तळाशी कुठेतरी शाळा सोडल्याचा दाखला असतो. सनदेचे आपल्याला कौतुक असते, ती पाहुण्यांना दाखवली जाते. दाखला मात्र नोकरी लागेपर्यंत आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांपुरताच आठवतो. परंतु गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला, तर आपल्या घराण्यांचे भवितव्य सनदेपेक्षा त्या दाखल्याने अधिक ठरवले आहे. आणि दाखला ज्या नोंदवहीतून निघतो ती नोंदवही कोणाची, शाळेची, सरकारची की मुलाच्या पालकांची, हा प्रश्न आपण फारसा कधी विचारलेला नाही.

माझ्या वडिलांच्या दाखल्यावर जन्मतारीख फसली सनात होती. १३४३ फसलीचा तीर महिना, म्हणजे १९३४ सालचा उन्हाळा. फसली सनाचे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे इसवी सन काढताना वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. सेवापुस्तक तयार करणाऱ्या कारकुनाने सरसकट ५९० मिळवले. वडिलांचा जन्म कागदावर १९३३ सालचा झाला आणि ते एक वर्ष आधी निवृत्त झाले. मूळ नोंद बरोबर होती, शाळेने ती जपूनही ठेवली होती. चूक झाली ती नोंद एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाताना. पुढे मी स्वतः राज्य शासनाच्या सेवेत गेलो, त्यातील काही वर्षे आकड्यांच्या कामात काढली, आणि वडिलांच्या बाबतीत घडले तसे शेकडो मुलांच्या बाबतीत घडताना पाहिले. एकदा तर ते माझ्याच हातून घडले. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

अनुदान आणि तपासणी

खाजगी शाळेने आपल्या विद्यार्थ्यांची माहिती सरकारला द्यावी ही कल्पना आपल्या देशात १८५४ च्या वुडच्या खलित्याबरोबर आली. लोकांनी चालवलेल्या शाळांना सरकारने पैशाची मदत करावी आणि त्या बदल्यात सरकारी निरीक्षकाला तपासणीचा अधिकार असावा, असे त्याचे सूत्र होते. पैसा आला की मोजदाद येते. इंग्लंडमध्ये १८६२ नंतर आणि मुंबई इलाख्यातही काही काळ ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत होती. निरीक्षक येई, मुलांची परीक्षा घेई, आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके अनुदान मिळे. मुलाचे नाव, हजेरी आणि गुण हे त्या दिवसापासून शाळेच्या अंतर्गत व्यवहारातून बाहेर पडून खजिन्याच्या हिशेबात शिरले. ही पद्धत पुढे सोडून देण्यात आली, पण पटावरच्या संख्येशी शाळेच्या पोटाचा प्रश्न जोडला गेला तो कायमचाच.

आपला भाग मात्र मुंबई इलाख्यात नव्हता. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ज्यांना मुलांना मराठीतून शिकवायचे होते त्यांना पदरमोड करून शाळा काढाव्या लागल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या दोन्ही संस्था १९०७ सालच्या. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. या शाळांनी नुसती पुस्तकी विद्या दिली नाही, राज्याच्या राजकीय जागृतीला माणसे पुरवली, हे सर्वश्रुत आहे.

सरकारलाही ते ठाऊक होते. १९२० च्या दशकात खाजगी शाळा काढण्यासाठी आधी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन आले. त्या काळातील ज्येष्ठांच्या बोलण्यात ‘मोहतमीम तालीमात’ हा शब्द येई, म्हणजे जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी. तो शाळेत आला की प्रथम हजेरीपट मागवी. शाळेत कोण येतो, कोणाचा मुलगा, शिक्षक कोण, तो पूर्वी कोठे होता, या माहितीकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले जात होते तसे पोलिसी दृष्टीनेही पाहिले जाऊ शकत होते. आणि जेव्हा वेळ आली तेव्हा तसे झालेही. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्या चळवळीचे लोण औरंगाबाद, गुलबर्ग्यापर्यंत पोचले. पटावरून नाव कमी होणे याचा अर्थ राज्यात पुढचे शिक्षण बंद होणे असा होता. त्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, म्हणून शेकडो तरुणांची वर्षे वाचली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक होते.

या प्रसंगाकडे आपण देशभक्तीच्या दृष्टीने पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला दुसरी एक बाजू आहे. नाव सरकारच्या पटावर असणे ही शिक्षणाची वाट होती, आणि तेच नाव पटावरून पुसण्याची सत्ता सरकारच्या हाती असणे हा धाक होता. यादी एकच होती, तिचे अर्थ मात्र दोन होते.

यादी ढाल होते

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते भाषावार वाटले गेले. बीदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग आणि गुलबर्गा जिल्ह्याचा मोठा हिस्सा म्हैसूर राज्यात आला. एका रात्रीत आपली घराणी बहुसंख्याकांतून अल्पसंख्याकांत गेली असे म्हणण्याची प्रथा आहे. ते सर्व गावांच्या बाबतीत खरे नाही, कारण या भागात एकाच घरात मराठी, कानडी आणि दखनी नांदत आलेल्या आहेत. पण एक गोष्ट निश्चित बदलली. मराठी शाळा ही आता परंपरेने चालणारी गोष्ट राहिली नाही, ती हक्काने मागण्याची गोष्ट झाली. आणि हक्क मागायचा तर संख्या दाखवावी लागते.

त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी असे पहिले कलम सांगते. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. ही नेमणूक १९५७ मध्ये झाली. पण ‘पुरेशी सोय’ म्हणजे किती? त्याचे माप १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आधीच ठरवलेले होते. संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक द्यायचा. माध्यमिक शाळेसाठी पुढे शेवटच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ असे प्रमाण मान्य झाले.

आता हे ४० आणि १० मोजायचे कसे? पालक म्हणे, ‘मराठी वर्ग नाही, म्हणून मुलाला कानडी वर्गात घातले.’ अधिकारी म्हणे, ‘मराठी वर्गासाठी मुलेच नाहीत, मग शिक्षक कोणासाठी देऊ?’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलत. यावर १९५९ च्या सुमारास दक्षिण विभागीय परिषदेच्या मंत्र्यांच्या समितीने जो उपाय सुचवला तो मला आपल्या प्रशासनातील एक शहाणपणाची गोष्ट वाटते. शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी प्रत्येक शाळेत एक आगाऊ नोंदवही ठेवायची. ज्या पालकांना आपल्या मुलाला मातृभाषेतून शिकवायचे आहे त्यांनी तीत नाव नोंदवायचे. एका शाळेत संख्या पुरी झाली नाही, तर शेजारच्या शाळेतील नावांशी मेळ घालून एका ठिकाणी वर्ग चालवायचा. यासाठी शाळांनी आपली माहिती वरच्या अधिकाऱ्याला आणि एकमेकींना देणे आवश्यक होते.

निजामाच्या काळात जी यादी धाकाचे साधन होती तीच आता संरक्षणाचे साधन झाली. ज्या मुलाचे नाव यादीत नाही तो मुलगा हक्काच्या हिशेबात नाही. माहिती द्यावी की न द्यावी असा विचार करणाऱ्या आपल्या लोकांनी हा बदल नीट लक्षात घ्यायला हवा होता. दुर्दैवाने आगाऊ नोंदवहीची ही योजना कागदावर जितकी राहिली तितकी गावात पोचली नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी कितीतरी शाळांना गेलो. ज्यांना या नोंदवहीचे नाव माहीत होते असे मुख्याध्यापक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके भेटले.

एक रकाना रिकामा राहिला

आता माझी गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकात मी एका कार्यालयात तालुक्यांकडून आलेल्या शाळांच्या तक्त्यांची गोळाबेरीज करत असे. छापील नमुन्यात ‘माध्यम’ आणि ‘मातृभाषा’ असे दोन स्वतंत्र रकाने होते. बहुतेक शाळा पहिला भरत आणि दुसरा कोरा सोडत. कोरा रकाना बेरजेत बसत नाही. कार्यालयाची जुनी वहिवाट अशी, की कोरा असेल तेथे राज्यभाषा धरावी. कोणी लेखी आदेश दिला नव्हता, आणि मीही तो मागितला नाही. त्या वर्षी एका सीमेवरच्या गावातील अनुदानित मराठी शाळेच्या तक्त्यात, वर्ग मराठी पण मुले कानडी, असे माझ्या अक्षरात नोंदले गेले.

काही महिन्यांनी त्या शाळेचे मुख्याध्यापक कार्यालयात आले. पांढरे धोतर, काळा कोट, काखेत कापडात गुंडाळलेले रजिस्टर. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते, तरी मला साहेबच म्हणत. शाळेतील एक शिक्षकपद अतिरिक्त ठरवण्याचे पत्र त्यांच्या हाती होते. मराठी मुले नाहीत तर मराठी शिक्षक कशाला, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. त्यांनी रजिस्टर माझ्या मेजावर उघडून ठेवले आणि म्हणाले, ‘साहेब, आमच्या शाळेतली लेकरं घरी कोणत्या भाषेत भाकर मागतात, हे तुमच्या कागदाला कसं कळलं?’

मी निरुत्तर झालो. रजिस्टरात प्रत्येक मुलासमोर मातृभाषा लिहिलेली होती. मराठी होती, कानडी होती, उर्दू होती, दोन-तीन ठिकाणी लंबाणी होती. त्यांनी कोणालाही ओढून मराठी केले नव्हते. ती सगळी मुले मराठी वर्गात शिकत होती, आणि त्यांतील मराठी मुलांची संख्या नियमाला पुरून उरत होती. त्या वहीतील खरेपणा पाहून मला माझ्या तक्त्याची लाज वाटली. मी दुरुस्तीचे टिपण लिहिले, वरिष्ठांनी सही केली, ते वर गेले. दुरुस्ती मंजूर होऊन परत आली तेव्हा शैक्षणिक वर्ष संपत आले होते. शिक्षकाची बदली झाली होती, दोन वर्ग एकत्र करण्यात आले होते, आणि काही पालकांनी मुलांना तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत घातले होते. कागद सुधारला, पण गेलेली मुले परत आली नाहीत.

त्यानंतर मी कोरा रकाना भरणे सोडून दिले. तक्ता परत पाठवून शाळेकडून भरून मागवू लागलो. कामाला उशीर होई, बोलणी खावी लागत. पण एवढी एक गोष्ट मी नोकरीत मनापासून केली असे आज म्हणू शकतो.

दुसऱ्या बाजूचे सत्य

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की दोष केवळ कार्यालयांचा आहे. तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. संख्येवर अनुदान अवलंबून असले की संख्येला पाय फुटतात, हे मी दोन्ही राज्यांच्या सीमेवर पाहिले आहे. औरादला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यात पटावरील खोट्या नावांचा प्रकार उघड झाला, आणि त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्राने संपूर्ण राज्यात एकाच वेळी पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदारासारखी शाई लावण्यात आली. लक्षावधी नावे केवळ कागदावर असल्याचे त्यातून दिसून आले. ज्या संस्थांनी हे केले त्यांनी खऱ्या शाळांच्या तोंडचा घास पळवला. अशा वेळी सरकारने माहिती मागू नये, तपासू नये, असे कोण म्हणू शकेल? केरळच्या शिक्षण विधेयकावर १९५८ मध्ये मत देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले होते. अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा अधिकार आहे, याचा अर्थ ती वाईट चालवण्याचा अधिकार आहे असा होत नाही.

शिवाय सीमाप्रश्नाचीही छाया या रकान्यावर पडलेली आहे. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने ८१४ गावांची मागणी मांडली. आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि पुढे २००४ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. या वादात गाव हा घटक आणि मातृभाषेचा आकडा हे प्रमाण. त्यामुळे शाळेतल्या सहा वर्षांच्या पोराची मातृभाषा लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात नकाशा उभा राहू लागला. माझे नम्र मत असे आहे, की नकाशाचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. मुलाच्या नावासमोरचा रकाना त्या मुलाच्या शिक्षणासाठी आहे, तो दोन्ही बाजूंनी नकाशापासून दूर ठेवला पाहिजे. आणि आपल्यातील काही घराण्यांनीही सोयीसाठी, नोकरीत बरे पडेल म्हणून, मुलांची मातृभाषा वेगळी लिहिली आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण मग मराठी वर्ग का बंद पडला, असे विचारताना ही गोष्टही आठवावी.

मातृभाषा ठरवायची कोणी, हा वाद अखेर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. कर्नाटक शासनाने १९९४ मध्ये प्राथमिक शाळांसाठी केलेल्या माध्यमाच्या सक्तीसंबंधीचा तो खटला होता. मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे आईवडील ठरवतील, शासन नव्हे, असे घटनापीठाने स्पष्ट केले. निकालाची चर्चा इंग्रजी शाळांच्या विजयाच्या अंगाने झाली, आणि त्याचा परिणाम प्रादेशिक भाषांच्या शाळांना बाधक झाला हे नाकारता येत नाही. परंतु त्यातील हे एक वाक्य आपल्या कामाचे आहे. कार्यालयाने कोरा रकाना आपल्या मनाने भरणे हे केवळ आळसाचे लक्षण नव्हते, ते पालकाच्या अधिकारावरचे अतिक्रमण होते. मी केलेल्या चुकीचे नाव मला त्या निकालाने कळले.

वहीकडून यंत्राकडे

आता वही मागे पडली आहे. जिल्हावार शैक्षणिक माहिती संकलनाची ‘डाइस’ ही पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली, २०१२-१३ पासून ती ‘यू-डाइस’ झाली. तोवर शाळेचे एकूण आकडे वर जात. कर्नाटकात गेल्या दशकात ‘सॅट्स’ ही प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होऊ लागली. २०२२-२३ पासून केंद्राच्या ‘यू-डाइस प्लस’मध्येही मुलागणिक माहिती जाते. २०२३ पासून ‘अपार’ या नावाने प्रत्येक विद्यार्थ्याला आयुष्यभराचा क्रमांक देण्याची योजना सुरू झाली आहे आणि त्यासाठी पालकांची संमती घ्यावी लागते.

याचे लाभ खरे आहेत. एक मूल दोन ठिकाणी मोजले जाणे अवघड झाले. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे मूल कोठे गळाले ते शोधता येऊ शकते. पण यंत्रात कोरा रकाना सोडता येत नाही. भरणारा घाईत असेल तर यादीतील पहिला पर्याय निवडतो, आणि माझ्या टेबलावरची जुनी वहिवाट आता बोटाच्या एका टोचणीने हजारो मुलांना लागू होऊ शकते. शिवाय पूर्वी मोहतमिमाला शाळेत यावे लागे, समोर बसून वही उघडावी लागे. आता मुलाचे नाव, जात, आईवडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, गुण, सारे कोणी कोठे बसून पाहिले हे मुख्याध्यापकांनाही कळत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्यात पालकांच्या संमतीची विशेष तरतूद आहे, चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्कही आहे. मात्र शासकीय लाभ आणि सेवांसाठी शासनाला बरीच मोकळीकही आहे.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये ‘चार्टर’ शाळांचा पहिला कायदा केला आणि पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात अशी पहिली शाळा उघडली. चार्टर म्हणजे आपल्या भाषेत सनद. शाळा स्वतंत्र मंडळाने चालवायची, पैसा सार्वजनिक, आणि सनद देणारी संस्था बऱ्याच ठिकाणी त्या भागाचे शालेय मंडळच. सनद ठरावीक मुदतीची असते. मुदत संपली की शाळेने कसे काम केले ते पाहून ती पुन्हा द्यायची की नाही ते ठरते. साहजिकच सनद देणारा म्हणतो, मुलांची माहिती दाखवा, आणि शाळा विचारते, किती आणि कशासाठी? आपल्या अनुदानित शाळांचाच हा पेच आहे, नावे तेवढी निराळी. तेथे १९७४ पासून एक केंद्रीय कायदा आहे. पालकाला आपल्या मुलाची शाळेतील नोंद पाहण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्ती मागण्याचा हक्क तो देतो. मूल अठरा वर्षांचे झाले की तो हक्क त्याच्याकडे जातो. तपासणी आणि मूल्यमापनासाठी अधिकाऱ्यांना माहिती देता येते, परंतु ती त्याच कामापुरती वापरायची आणि काम संपले की नष्ट करायची असे बंधन आहे. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. पण माहिती मागणाऱ्याने हेतू सांगावा, हेतूपुरतीच घ्यावी, आणि ज्याची आहे त्याला ती दिसावी, ही तीन पथ्ये आपणही मागण्यासारखी आहेत.

पेटीतला कागद

या साऱ्याचा निष्कर्ष काय? सरकारला माहिती देऊ नये असे मी म्हणत नाही. ज्या समाजाने आपली मुले मोजू दिली नाहीत त्याच्या हक्काचे माप कोणी घेणार नाही. आपली खरी गरज वेगळी आहे. दिलेली माहिती जशी दिली तशीच वर पोचली की नाही, हे पाहण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. दरवर्षी जूनमध्ये मुलाचे नाव घालताना यंत्रातील नोंदीची छापील प्रत मागून घ्यावी, मातृभाषा आणि माध्यम हे दोन्ही रकाने डोळ्यांनी पाहावेत, चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवावे. आपल्या संस्थांच्या संचालकांनी यंत्रात सर्व आहे म्हणून जुनी बांधीव रजिस्टरे रद्दीत घालू नयेत. यंत्रातील आकडा चुकला तर त्याला खोटे ठरवणारा साक्षीदार तीच वही असते. आणि शक्य असेल तेथे तीन महिने आधीची आगाऊ नोंदवही, नियमात असो वा नसो, गावाने आपणहून ठेवावी.

ते मुख्याध्यापक आता हयात नाहीत. ती शाळा मात्र चालू आहे, पहिल्यापेक्षा लहान झालेली. निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो असताना मी आत डोकावलो. कार्यालयात संगणक होता आणि त्याच्या मागच्या कपाटात, कापडात गुंडाळलेले, तेच रजिस्टर होते. तरुण मुख्याध्यापिकेने ते काढून माझ्यापुढे ठेवले. मी ते वर्ष शोधले. ती पाने तशीच होती, प्रत्येक नावासमोर एक भाषा, निळ्या शाईत, कोठेही खाडाखोड नाही. माझ्या तक्त्याची आज कोठे नोंदही नसेल. ती वही आहे.